भाट्याच्या काळ्या वाळूवरून

रत्नागिरीत समुद्र दोन रंगांचे. मांडवीचा तो काळा समुद्र आणि रत्नदुर्गाच्या पलीकडे, मिऱ्याच्या अंगाला, तो पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे तेच. नावं पडलीत ती वाळूवरून. फोटोंना पांढरी वाळू बरी, म्हणून बरोबरची मंडळी दुपारीच आरे-वारेला गेली. मी आत्याबरोबर मागे राहिले. मला भाट्याला जायचं होतं, काळ्या वाळूवर.

आत्याने बोटांवर हिशेब केला. "आज पौष पौर्णिमा, म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, सव्वापाचला सुकती. आत्ता निघालो तर मैदान मिळेल गो चालायला." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. थोडं इकडेतिकडे होतं, पण आत्याचं त्यावाचून अडत नाही.

पुलावरून काजळी नदी ओलांडली की भाट्ये. नदीचं नाव काजळी आणि तिच्या मुखाशी काजळासारखी वाळू, हे कुणीतरी मुद्दाम जुळवून आणलंय असं मला लहानपणी वाटायचं. वाळू काळी दिसते ती इल्मेनाइटमुळे, लोखंड आणि टायटॅनियमच्या खनिजामुळे. लाटा फिकट, हलके कण ओढून नेतात. हे जड कण मागे राहतात. आम्ही भावंडं बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून इथे फरफटत न्यायचो. टोकापर्यंत जाईस्तोवर त्याला दाढी आलेली असायची.

खाडीच्या तोंडापासून झरी विनायकाच्या दिशेने निघालो. डावीकडे सुरूचं बन, उजवीकडे पाणी खूप आत गेलेलं. बनाच्या कडेला मर्यादवेल पसरली होती. भरतीचं पाणी साधारण येतं त्याच्या जरा वरच ही थांबते. नावातच सगळं आलं. जांभळी फुलं होती, पण बरीचशी मिटलेली, आणि वेलीत प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकलेल्या. त्या दिसल्याच नाहीत असं लिहिणं बरोबर नाही.

ओल्या वाळूवर पाऊल टेकलं की भोवतीची वाळू एकदम कोरडी, फिकी होते. पाय उचलला की परत काळी. दाबाने कण एकमेकांपासून जरा सुटे होतात, फटी वाढतात आणि वरचं पाणी आत उतरतं, एवढंच. पण कारण कळल्यावरही मी दहा मिनिटं तेच करत होते. आत्या पुढे निघून गेली होती. पुण्यात दहा मिनिटं मी फक्त सिग्नलला थांबते, तेही चरफडत.

मग सूर्य खाली आला आणि काळी वाळू काळी राहिली नाही. पाणी नुकतंच सरकून गेलेला पट्टा आरशासारखा झाला आणि आकाशात जे जे होईल ते पायाखाली दिसायला लागलं. आत्याने पदर खोचला आणि साडीच्या दुकानात बसल्यासारखी रंग सांगत सुटली. "हा केशरी. आता बघ, आमसुली झाला. थांब, चिंतामणी येईल." आला की! पाण्याच्या कडेला, अगदी हातभर रुंदीचा, पुढच्या लाटेपर्यंत टिकला आणि गेला. फिकट वाळूला स्वतःचा रंग असतो, तो ती सोडत नाही. ही सगळं घेते. माझं हे बोलणं आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण काळ्या साडीवर डाग दिसत नाही, एवढंच मला माहीत."

झरी विनायकापाशी पोहोचलो तेव्हा रत्नदुर्गावरचं दीपगृह लुकलुकत होतं. मागे वळलो तर सुरूच्या शेंड्यांवर चंद्र, जुन्या पितळेच्या ताटासारखा पिवळा. पाणी परत फिरलं होतं. येताना आम्ही फारसं बोललो नाही.

घरी मागच्या दारी पाय धुतले. आत्याने तांब्याने पाणी ओतलं, वाळू फरशीवरून वाहत गेली. फिकट कण सरळ मोरीत गेले. काळे मात्र जाळीच्या अलीकडेच थबकले आणि तिथे एक बारीक, वळणदार रेघ उमटली.

"ती आता खराट्याने काढ," आत्या म्हणाली, "पाण्याने जायची नाही."