जुन्या राऊटरच्या पोटात

इंदूरमधे कचरा वेगळा करायची सवय आता अंगात भिनलीये, सकाळी गाडी गाणं वाजवत आली की ओला-सुका सगळं बरोब्बर जातं, पण जुना राऊटर काही कोणी त्या गाडीत टाकत नाही. ‘चालू तर आहे’ म्हणून तो कपाटावर चढतो. रामबागेतल्या काकवांना जुने राऊटर उघडून परत कामाला लावायचा माझा नाद कळल्यापासून ही सगळी डबडी माझ्याकडे यायला लागली.

आणि चालू असतातच हो बहुतेक. कंपनीने अपडेट देणं बंद केलेलं असतं, बास. आत प्रोसेसर, रॅम, फ्लॅश (वीज गेली तरी पुसली न जाणारी मेमरी), म्हणजे आख्खा कॉम्प्युटर आणि बऱ्याचदा लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. हे गाजलं ते लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी ह्या राऊटरमुळे, २००३ मधे लोकांनी पकडलं की ह्यात लिनक्स आहे, मग जीपीएल ह्या लिनक्सच्या लायसन्सप्रमाणे कंपनीला सोर्स कोड द्यावाच लागला आणि त्याच्यावरच २००४ मधे ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरमधे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत लिनक्स, उभं राहिलं.

माझा जीव मात्र अडकतो बोर्डावरच्या चार भोकांत. सिरीयल पोर्ट, म्हणजे डब्याशी वायरीने थेट बोलायची जागा. शेजारी नाव छापलेलं असेलच असं नाही, मग मल्टीमीटरने ग्राउंड शोधा, चालू करताना जिचं व्होल्टेज नाचतं ती टीएक्स (डबा जिच्यावरून बोलतो ती), तीन वायरी सोल्डर करा, त्या लॅपटॉपला जोडायला जेल रोडवरून आणलेला छोटा यूएसबी अडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेवा (५ वर राहिला तर चिपचं काही खरं नाही), स्पीड बहुतेक वेळा सेकंदाला ११५२०० बिट, आणि मग स्क्रीनवर भराभर ओळी पडायला लागतात, बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुठला, फ्लॅश किती, कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठल्या जमान्यातलं. इतकी वर्षं नुसते दिवे लुकलुकवणारा डबा सगळं भडाभडा बोलून टाकतो. काही तर पासवर्ड न विचारता थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार, देतात!

ओपनडब्ल्यूआरटी टाकायला जुनं पुसायच्या आधी आख्ख्या फ्लॅशचा बॅकअप घ्यायचाच. ॲथेरॉस कंपनीची चिप असलेल्यांत एआरटी नावाचं फ्लॅशचं छोटं पार्टिशन असतं, त्यात त्याच एका डब्याच्या रेडिओचं कॅलिब्रेशन, फॅक्टरीत मोजून भरलेलं. कुंडलीच ती, दुसऱ्याची लावून चालत नाही.

राग येतो तो ४ एमबी फ्लॅशचा. चार पैसे वाचवायला कंपन्यांनी एवढीशी चिप टाकली, आणि आता १९.०७ ह्या आवृत्तीनंतरचं ओपनडब्ल्यूआरटी ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाल्यांना मिळतच नाही. बाकी हार्डवेअर ठणठणीत, करता काय.

त्यातल्या एका काकूंचा राऊटर निघाला ८ एमबीचा, म्हणून वाचला. ‘मग आता नेट फास्ट होईल का रे?’ म्हटलं, नाही हो काकू, स्पीड तोच. त्यांचा चेहरा पडला म्हणून रात्री दहानंतर नातवाच्या मोबाईलचं नेट बंद करायचा नियम राऊटरच्या फायरवॉलमधे घालून दिला, फोनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची त्याची ओळख) बघून. काकू भलत्याच खूश, नातू माझ्याशी बोलत नाही. त्याच्या फोनमधे रँडम मॅकचं, म्हणजे ती ओळख बदलायचं, बटण असतं हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि मी तर सांगणार नाही.