तेरणेकाठचं गलबत

पत्रिकेत 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापलेलं असायचं, पण औसा तालुक्यातल्या आमच्या गावात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीसुद्धा गॅदरिंगच. 26 जानेवारीच्या आदल्या रात्री व्हायचं. बाया दिवस मावळायच्या आतच भाकरी उरकून सतरंज्या टाकून जागा धरायच्या. फाळके पाडलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या की झालं स्टेज. लेझीम, कोळीगीत, बक्षिसं सगळं व्हायचं, पण गाव थंडीत कुडकुडत थांबायचं ते शेवटच्या नाटकासाठी. चाच्यांच्या नाटकासाठी!

नाटक आमच्या गुरुजींनी लिहिलेलं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र कुठं माहीत? पण एकदा भूगोलाच्या तासाला त्यांनी फळ्यावर एकच लांब रेघ ओढली. आपली तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, गोदावरी राजमहेंद्रीवरून पुढं बंगालच्या उपसागराला. "मग इथं सोडलेली होडी कुठं जाईल रे?" त्या दिवशी शाळा सुटल्यावर अर्ध्या वह्यांची पानं तेरणेत गेली. समुद्र म्हटलं की बाकीच्या मराठी पोरांना कोकण आठवतं. आमचा समुद्र तेव्हापासून उगवतीकडे आहे.

आणि चाचेही तिकडचेच. श्रावण-भादव्यात आमच्याकडं जो पाऊस येतो, तो पुष्कळदा त्याच उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळं येतो. गुरुजींनी हेच धरलं. पाऊस आला नाही, म्हणजे वाटेत चाच्यांनी ढग जाळ्यात धरले आणि रांजणात कोंबून वर फडकी बांधली! त्यांचा म्होरक्या खारोबा. तो खारं पाणीच प्यायचा आणि त्याची दाढी मिठाची होती. गोड्या पाण्याचा थेंब लागला की विरघळायची. गावातली सात पोरं कडब्याच्या पेंढ्यांचं गलबत घेऊन तेरणेतून निघायची. पोती शिवून केलेलं शीड, सुकाणूला सायकलचं चाक. दरसाल वाटेतली संकटं नवी, पण शेवट ठरलेला: पाठीवरच्या फवारणी पंपानं खारोबाची दाढी भिजवायची. तो प्रवेश जवळ आला की सगळं गाव ओरडायचं, "पंप आणा रे, पंप!"

कान्होजी आंग्र्यांनाही यात घ्या, असं कुणीतरी एकदा सुचवलं. गुरुजी चिडले. "इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. आपले ते सरखेल, आरमाराचे प्रमुख. खारोबाच्या पंगतीला नाही बसवायचे." मला हे आजही पटतं.

चौथीपर्यंत मी समुद्रात होते. समुद्र म्हणजे सोयाबीनच्या बनमीवर टाकायची निळी ताडपत्री. तिच्याखाली आम्ही दहा-बारा जणी हात वर करून लाटा करायचो. आत सगळं निळं दिसायचं, शेंगांची कुसं मानेला टोचायची आणि ताडपत्रीच्या फडफडीत वरचं एक वाक्य ऐकू यायचं नाही. एका वर्षी शिवण उसवली आणि माझं डोकं थेट लाटेतून बाहेर! आजी पहिल्या रांगेतून ओरडली, "अगं बया, समिंदर फाटला की!" पण वरचा तांडेल हुशार. हात कपाळाला लावून म्हणाला, "गड्यांनो, बेट दिसायलंय!" मग काय, नाटक संपेपर्यंत मी बेट होऊन न हलता उभी राहिले. पुढच्या वर्षी गुरुजींनी बेटाचं काम लिहूनच काढलं.

सहावीत सहल अजिंठ्याला गेली. दोन नंबरच्या लेणीत तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, त्यावर घडे मांडलेले. आम्ही सगळेच ओरडलो, "गुरुजी, रांजण!" गुरुजी कितीतरी वेळ त्या चित्रासमोरून हलले नाहीत.

सातवीत मी तांडेल झाले. ते टँकरचं वर्ष होतं. गुरुजींनी आधीच बजावलं, "औंदा पंपात पाणी नाही. नुसता दांडा हलवायचा." रात्री तो प्रवेश आला. "पंप! पंप!" गाव ओरडलं, मी कोरडा पंप पाठीवर चढवला आणि तेवढ्यात आजी उठली. रात्री तहान लागेल म्हणून तिनं घरून तांब्या आणला होता. ती ट्रॉलीजवळ आली, मला म्हणाली, "वाक." मी वाकले. तिनं झाकण काढून तांब्या पंपात रिकामा केला. तिच्यामागून शेजारची काकू आली, मग आणखी कुणी.

मी दांडा हलवला. खारोबाची कापसाची दाढी भिजून छातीवर लोंबली, आणि उरलेला फवारा मी समोर धरला तशी पुढच्या रांगेतल्या लेकरांनी तोंडं वर केली.