तुम्ही विचारलेत म्हणून: एकटीच का जाते

मी हिमालयात मोटरसायकलवर एकटीच फिरते. सोबत कुणाला का नेत नाही, असे मला नातेवाईक काळजीने विचारतात, मोटरसायकल चालवणारे पुरुष कुतूहलाने विचारतात, आणि ज्यांनी कधी घाटसुद्धा चढलेला नाही ते थोडे रागावूनच विचारतात. पूर्वी मी स्वातंत्र्य, शांतता, स्वतःशी संवाद असे काहीबाही सांगून सुटका करून घेत असे. ऐकणाऱ्यांना ते पटे. मला मात्र कधीच पटले नाही, कारण नदीखोऱ्यातल्या कच्च्या वाटेवर दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गोटे चुकवताना स्वतःशी बोलायला सवड कुणाला असते?

खरे उत्तर पाण्यापाशी आहे. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये ग्राम्फूहून बातलकडे जाणारी वाट चंद्रा नदीच्या काठाने जाते आणि वरून येणारे नाले काही ठिकाणी थेट त्या वाटेवरूनच वाहतात. ते वितळलेल्या बर्फाचे पाणी असते. त्यामुळे पहाटे ते सर्वांत कमी असते आणि ऊन चढते तसे वाढत जाऊन दुपारनंतर पुरते फुगते. दगडाच्या भुकटीने ते राखाडी झालेले असते, म्हणून तळ दिसत नाही, पण प्रवाहाखाली गोटे एकमेकांवर आदळत असल्याचा घुमणारा आवाज काठावर उभे राहिले तरी ऐकू येतो.

त्या दिवशी अशाच एका नाल्यापाशी मी दुपारी उशिरा पोहोचले. गाडी उभी करून, काठी टेकत आधी पायी उतरले; मध्यापर्यंत जायच्या आतच पाणी गुडघ्याच्या वर आले आणि पायाखालचा गोटा सरकला. जिथून चालत जाता येत नाही तिथून गाडी घालायची नाही, एवढा एक नियम मी पाळते, त्यामुळे परत फिरले आणि पहाटेपर्यंत थांबायचे ठरवले. तेवढ्यात चार मोटरसायकली आल्या. पहिले दोघे गाडी दामटत पार झाले आणि पलीकडून शिट्ट्या मारू लागले. उरलेल्या दोघांतल्या तरुण मुलाने पाण्याकडे पाहिले, मग पलीकडच्या सोबत्यांकडे पाहिले, मग हेल्मेटचा पट्टा बांधलेला असूनही पुन्हा चाचपला. त्याला जायचे नव्हते, हे मला लांबून स्पष्ट दिसत होते. तो गेला. मध्यावर पुढचे चाक दोन गोट्यांच्या बेचक्यात अडकले आणि गाडी त्याच्या पायासकट प्रवाहाच्या बाजूला आडवी झाली. आम्ही सगळ्यांनी मिळून आधी त्याला आणि मग गाडीला ओढून काढले. इंजिन चालू असताना पडल्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी गेले होते. स्पार्क प्लग काढून, स्टार्टर फिरवून ते बाहेर काढेपर्यंत अंधार पडला. पाय मोडला नव्हता, पण घोटा टम्म सुजला होता, आणि तो मुलगा थंडीने दात वाजत असताना सोबत्यांची क्षमा मागत होता, कारण त्याच्यामुळे त्यांना उशीर झाला होता.

ती क्षमायाचना माझ्या डोक्यातून जात नाही. मीही गटांबरोबर फिरले आहे आणि मनात नसताना ‘चला’ म्हटले आहे. एकटी असले की मागे फिरायला कुणाची परवानगी लागत नाही. एवढेच माझे स्वातंत्र्य, बाकीचे शब्द शोभेचे.

आता तुम्ही म्हणाल की त्याला वर काढायला निदान माणसे तरी होती, आणि हे मला नाकारता येत नाही. सुमारे २०० किलोची गाडी मी एकटी उचलते. पाठ गाडीला लावून, हँडल वळवून, पायांच्या जोरावर उचलते (हे पुरुषांना दर वेळी नव्याने सांगावे लागते). पण ती गाडी माझ्याच पायावर असेल तर ही युक्ती काय कामाची? पूर्वीची मी यावर म्हणे, की एकटी असताना तू पाण्यात गाडी घालणारच नाहीस. खरे आहे, पण माणूस कोरड्या खडीवरही पडतो.

शिवाय पुढे कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवा बाधली की डोके दुखते, पावले अडखळतात आणि पुढे पुढे आपण ठीक नाही हे ओळखणारी बुद्धीच मंदावते. ते ओळखायला दुसरा माणूस लागतो. डोके दुखत असताना आणखी वर चढायचे नाही, हे मी पाळते, पण तो निर्णयही त्याच डोक्याने घ्यायचा असतो. सॅटेलाइट फोन घेऊन जा, असे सुचवणाऱ्यांना सांगते, की आपल्या देशात तो परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे.

बहीण म्हणते, मग ‘नको’ म्हटल्यावर खरोखर थांबेल अशी एकच सोबतीण घे. तशी एक मैत्रीण आहे आणि खिंड उघडल्यावर येण्याची तिची तयारीही आहे. अडचण एवढीच, की दोघी कितीही शहाण्या असल्या तरी पाण्याच्या काठावर पहिल्यांदा ‘नको’ कुणी म्हणायचे, यासाठी आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहू, अशी मला भीती वाटते. तिला मी अजून हो किंवा नाही, काहीच कळवलेले नाही.