दोन केबल, एकच ट्रे

जानेवारीची रात्र होती, गाळप ऐन भरात होतं. पावणेतीनला राजारामपुरीत घरी फोन वाजला. बॉयलरवरचे मामा बोलत होते, "सायेब, स्क्रीनवर ड्रमची लेव्हल हालंना झालीया."

कारखान्यात पोचेपर्यंत मामांनी एक पोरगा ड्रमच्या गेज ग्लाससमोर, म्हणजे पाणी थेट दिसतं त्या काचेसमोर, उभा केला होता. तो वॉकीटॉकीवर पाण्याची पातळी सांगायचा आणि मामा ऐकून शिफ्ट चालवायचे. ड्रमच्या पाण्याचा कंट्रोल पीएलसीतच, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या वेगळ्या कंट्रोलरमध्येच, असल्यामुळे स्क्रीनला आकडे पुरवणाऱ्या सर्व्हरचा संपर्क तुटला तरी तो चालू राहिला. पण स्क्रीनवर जुनाच आकडा ताजा असल्यासारखा दिसत होता. मामांना संशय आला नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

सकाळी कारण सापडलं. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, कन्व्हेयरवर रात्री वेल्डिंग चाललं होतं. ठिणग्या खालच्या केबल ट्रेवर पडल्या. आमच्याकडे सर्व्हर दोन, नेटवर्क स्विच दोन, त्यांना जोडणाऱ्या फायबर केबलही दोन. पण दोन्ही फायबर त्या एकाच ट्रेमधून गेलेल्या. दोन्ही एकदम जळाल्या. कोल्हापूरकराला हे पटकन कळेल. २०१९ च्या महापुरात शिरोलीला हायवे बंद झाला आणि रत्नागिरीचा रस्ताही केर्लीपाशी पाण्याखाली गेला. रस्ते दोन होते, पण दोन्हींवर पंचगंगेचंच पाणी.

हंगाम संपल्यावर आम्ही नेटवर्कची रिंग केली. एक फायबर बॉयलर हाउसकडून, दुसरी मिल हाउसच्या पलीकडच्या भिंतीवरून. ती सांभाळायला एमआरपी ही पद्धत वापरली. यात रिंगमधला एक स्विच मॅनेजर असतो आणि तो आपला एक पोर्ट अडवून धरतो. कुठं तार तुटली की तो पोर्ट उघडतो. ५० स्विचपर्यंतच्या रिंगला २०० मिलिसेकंदांत वाट बदलता येते. पीआरपी या दुसऱ्या पद्धतीचाही विचार झाला. त्यात प्रत्येक पॅकेट दोन वेगळ्या नेटवर्कवरून एकदम जातं, आधी पोचेल ते घ्यायचं आणि दुसरं टाकायचं, त्यामुळे एक क्षणही वाया जात नाही. आमची स्क्रीन सेकंदाला एकदा बदलते, आमच्यासाठी रिंग पुरेशी आहे असं माझं ठाम मत. संपर्क तुटला की आकडा करडा व्हायलाच पाहिजे, हे मात्र पहिल्या दिवशीच करून टाकलं.

खरं काम डेटाचं होतं. त्या रात्रीच्या ट्रेंडमध्ये, म्हणजे साठवलेल्या आकड्यांच्या आलेखात, जवळजवळ चार तासांचं भगदाड पडलं होतं. आता बॉयलर आणि टर्बाइनपाशी आकडे गोळा करणारा एकेक कलेक्टर आहे. लाइन गेली की तो आपल्याच डिस्कवर साठवतो आणि लाइन आली की मूळ वेळेसकट पुढं पाठवतो.

चाचणीत दोन सर्व्हरमधली लिंक काढली, तर दोघांनाही वाटलं की दुसरा मेला. दोघेही मुख्य झाले आणि दोघेही लिहायला लागले. म्हणून हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' हा एकमेकांना जाणारा सिग्नल, दोन वेगळ्या वाटांनी नेला आणि तिसरा एक साक्षीदार ठेवला. तो ज्याला दिसत नाही, त्यानं मुख्य व्हायचं नाही. बंद पडून परत उठलेल्या सर्व्हरनं आधी चालू सर्व्हरकडून राहिलेला डेटा भरून घ्यायचा आणि मग राखीव म्हणून बसायचं. आपोआप पुन्हा मुख्य होणं मी बंदच ठेवलंय. नाहीतर त्याच्याकडचं भगदाड चांगल्या डेटावर कॉपी होण्याची भीती असते.

सगळ्यात जास्त लागली ती घड्याळाची चूक. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. ट्रेंड उघडला तर बॉयलरचं प्रेशर ट्रिपच्या चार मिनिटं आधीच चढलेलं. प्रत्यक्षात ट्रिपमुळं वाफेला जागा उरली नाही म्हणून प्रेशर चढलं होतं. बॉयलरकडच्या कलेक्टरचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं, एवढंच. मी घड्याळं तपासली नसती तर ठपका मामांवर आला असता. आता सगळी यंत्रं एकाच जीपीएस घड्याळावरून एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीनं, वेळ घेतात.

यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी फायबर काढायचं काम मी मामांनाच दिलं. त्यांनी बॉयलर हाउसकडची फायबर काढली आणि स्क्रीनकडं बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"सायेब, लेव्हल हालतीया," मामा म्हणाले, आणि मिल हाउसकडची काढून बघायला निघाले.