सव्वाएक्केचाळीस

आक्काचा पोरगा दिवाळीनंतर आमच्याकडं बेळगावजवळ यळ्ळूरला राहायला आला, सैन्यभरतीची तयारी करायला. बॅग खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "मामा, सोळाशे मीटर ५:३२ ला काढतोय. दोन सेकंदांचाच प्रश्न हाय." साडेपाच मिनिटांत आलं की धावण्याचे ६० पैकी ६० मार्क, म्हणून हा दोन सेकंदांचा हिशेब.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी लेथ चालवतो. जॉब मापला नाही तर तो झाला असं मी धरत नाही. विचारलं, कुठं पळतोस? म्हणाला, खानापूरकडं, गावच्या मैदानावर, चार राऊंड. चारशेचा राऊंड कुणी मोजला? "पयल्यापास्नं चारशेच म्हणत्यात."

रविवारी मोटारसायकलवर दोघं गेलो, कारखान्यातली तीस मीटरची टेप घेऊन. खुंट्या मारत, टेप ताणत सगळा घेर मोजला. ३७२ मीटर. पोरानं पुन्हा मोजायला लावला. दुसऱ्यांदाही पाचदहा सेंटीमीटर इकडंतिकडं, तेवढंच. म्हणजे चार राऊंडचे १४८८ मीटर झाले. त्याच वेगानं खरे सोळाशे पळाला तर ५:५७. "टेपच चुकीची असंल तुझी," म्हणाला आणि येताना यळ्ळूरपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्या मैदानावर किती पोरांनी मनातल्या मनात मार्क मोजले असतील, देव जाणे.

मग आमच्या शेताजवळच्या मोकळ्या जागेत दोनशेचा ट्रॅक आखला. दोन बाजू चाळीस-चाळीस मीटर सरळ, दोन्हीकडची वळणं साठ-साठची. साठला ३.१४ नं भागलं की त्रिज्या १९.१ येते. पण पळणारा काही रेघेवर पाय ठेवून पळत नाही. आत उंच कडा नसली तर रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजायचं, असा नियम आहे. म्हणून मधल्या खुंटीला दोरी बांधून १८.९ वर फक्की मारली. या कामात मला जी मजा आली ती पळण्यात कधी आली नाही, हे कबूल करतो.

आठ राऊंड, साडेपाच मिनिटं. प्रत्येक राऊंड ४१.२५ सेकंद.

घड्याळ धरायला माझा शिफ्टमधला दोस्त आला. तो सुळेभावीचा, आकडे कन्नडमध्येच ओरडतो. पहिल्या ट्रायलचे आकडे वहीत आहेत: ३६, ४०, ४३, ४५, ४७, ४९, ५०, ४६. एकूण ५:५६. पहिला राऊंड दावं तोडलेल्या खोंडासारखा, आणि सातव्याला मान मागं, खांदे कानाला. सुरुवातीला श्वासाचा जम बसायच्या आतच अंगाकडून जास्तीचं काम काढलं की ते उधारीवर चालतं, आणि ती उधारी मांड्यांत आंबटपणा होऊन चौथ्या-पाचव्या राऊंडला वसूल होते. मधेच वेग कमी केला म्हणून ती पटकन फिटत नाही. हे मला माहीत आहे, कारण विसाव्या वर्षी माझ्या भरतीला मी असाच सुटलो होतो. मी दहा-बारा पावलांवर असताना वेळ संपल्याचा दोर आडवा आला.

त्यात मी सगळा वेळ घोळक्याच्या बाहेरून पळालो होतो. त्रिज्या मीटरभर वाढली की घेर सव्वासहा मीटरनं वाढतो. चार राऊंडला पंचवीस मीटर, म्हणजे पाच सेकंद. टर्नर असून हे मला पस्तिशीत सुचलं.

पोराची दुसरी खोड म्हणजे रोज पूर्ण सोळाशेची ट्रायल. ती बंद केली. मंगळवारी चारशेचे सहा, ८२ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. शुक्रवारी दोनशेचे आठ, ३८ मध्ये. रविवारी पहाटे राजहंसगडाचा चढ. बाकीचे दिवस बोलता येईल इतकं हळू, सातआठ किलोमीटर, नाहीतर आराम. हळू पळायला तो लाजायचा, पोरं बघतात म्हणून.

१९९८ साली रोममध्ये मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजनं पंधराशे ३:२६.०० ला मारले, ते त्याला सांगितलं. मोबाईलवर भागाकार करून बघितला, दर दोनशेला साडेसत्तावीस. "असल्या वेगानं मी एक राऊंड तरी पुरा करीन का?" म्हणाला. नाही केला. ३१ लागले, आणि नंतर बांधावर आडवा पडला.

सगळ्यात अवघड गेला तो पहिला राऊंड. ३६ चा ४१ करायला पाच आठवडे. भरतीत घोळका असतो, मागं राहिलास तर अडकशील, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. तोड अशी काढली की पहिले साठ-सत्तर मीटर जोरात जाऊन आतली जागा धरायची आणि लगेच दम घ्यायचा. तो वेग उतरवायला मी पुढून पळायचो. दोन राऊंडनंतर बाजूला व्हायचो, माझं तेवढंच.

परवाची ट्रायल: ४१, ४२, ४२, ४२, ४३, ४३, ४२, ४०. दोस्त कुंपणापाशी "नलवत्तेरडु! नलवत्तेरडु!" करत होता, आणि पोराला आता ४२ पर्यंत कन्नड येतं. ५:३५. रेघ ओलांडून उभाच राहिला, वाकला नाही.

वहीत बघून म्हणाला, "पाच सेकंद राहिली, मामा." मग स्वतःच टेप काढली. रात्री पाऊस पडून एका वळणाची फक्की वाहून गेली होती.