तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडच्या आमदाराकडं गाडी कुठली?

गावाकडं फोन केला की मामांचा एक प्रश्न ठरलेला, "काय रे, तुमच्या तिकडच्या आमदाराकडं गाडी कुठली?" मामा वाळव्याकडचे, दोन टर्म सोसायटीचे चेअरमन होते, त्यामुळं प्रश्न गाडीचा नसतोच, आमदाराचं वजन किती ते विचारायचं असतं. पुण्यातले मित्र पण तेच विचारतात, फक्त "ते रिपब्लिकन म्हणजे सगळे कट्टर ना" असं शेपूट लावून. तर सगळ्यांना एकदाच नीट लिहून टाकतो.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो, सीडर फॉल्सला. इथं सत्ता रिपब्लिकन पक्षाची, म्हणजे उजव्या विचारांच्या लोकांची. गावाबाहेर पडलं की मका, मग सोयाबीन, मग परत मका. जवळच न्यू हार्टफर्ड नावाचं गाव आहे, हजारसुद्धा वस्ती नसेल, आणि चक ग्रासली तिथले. आता ते वॉशिंग्टनमधले सगळ्यात जुने सिनेटर (देशाच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य), १९८१ पासून बसलेत, २०२२ ला ८९ व्या वर्षी परत निवडून आले. पण सुरुवात राज्याच्या विधानसभेतून, १९५८ ला २५ व्या वर्षी निवडून आले आणि १६ वर्षं तिथं होते, आणि त्यातली बरीच वर्षं शेती सांभाळून कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचे. आमदार आणि लाइनवर! मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, फेकू नको.

मग मी सांगितलं की त्यांचा नातू पॅट ग्रासली, तो पण शेतकरी, २००६ ला आमदार झाला आणि २०२० पासून विधानसभेचा अध्यक्ष आहे. तेव्हा मात्र मामा खुलले, "म्हणजे घराणेशाहीच की! मग आपल्यात आणि तुमच्यात फरक काय?"

फरक आहे मामा. आयोवाच्या विधानसभेत १०० जण, एकेकाच्या मागं साधारण ३२ हजार माणसं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या गटाएवढा मतदारसंघ. टर्म दोन वर्षांची. साध्या सदस्याला पगार वर्षाला २५ हजार डॉलर, रुपयात ऐकायला बरं वाटतं पण त्यात इथं घर चालत नाही. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, भत्ता एका वर्षी १०० दिवसांचा आणि दुसऱ्या वर्षी ११० दिवसांचा, तेवढे दिवस भरले की भत्ता संपला, म्हणजे साधारण एप्रिलअखेर, मक्याच्या पेरणीच्या तोंडावर. मक्यावाल्याला हे जमून जातं. पण ज्याच्याकडं गाईगुरं आहेत त्याची पंचाईत, कारण फेब्रुवारी मार्चात गाई वितात आणि हा राजधानीत, डे मॉईनला, सभागृहात. म्हणून जे निवडून येतात ते कोण, तर ज्यांचा पोरगा किंवा भाऊ शेती बघतो, नाहीतर रिटायर्ड, नाहीतर विमा एजंट, वकील. "साधा शेतकरी आमदार" वगैरे कौतुक मला पण आधी वाटायचं, पण चार महिने हातातलं काम सोडणं ज्याला परवडतं तोच तिथं पोचतो. आज लाइनवरच्या कामगाराला कोण एवढी सुट्टी देणार?

आता कट्टरपणाचं. चर्च, बंदूक, कमी टॅक्स, गर्भपाताला विरोध, यावर बहुतेकांचं एकमत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत होते ती त्यांचीच दोन तत्त्वं एकमेकांना भिडतात तेव्हा. आयोवातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो (साखर कारखान्याच्या भागातल्यांना समजावून सांगायला नको), तर इथेनॉल प्लांटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाहून न्यायला एका खाजगी कंपनीला पाइपलाइन टाकायची आहे आणि रान द्यायला लोक तयार नाहीत. म्हणजे सक्तीचं भूसंपादन! मक्याला भाव पाहिजे, पण आजोबांच्या जमिनीत कुणी खणायचं पण नाही. २०२५ ला वरच्या सभागृहातले १२ रिपब्लिकन अडून बसले की आधी जमीनमालकांना संरक्षण देणारं बिल घ्या, नाहीतर बजेटला मत नाही. सरकार त्यांचंच हं. बिल पास झालं आणि जूनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) किम रेनल्ड्स बाईंनी व्हेटो मारून ते अडवलं.

या बाईंशी वाकडं घेणं सोपं नाही. खाजगी शाळेची फी सरकारी पैशातून द्यायची योजना बाईंना पाहिजे होती, २०२२ ला ती गावाकडच्या काही रिपब्लिकन आमदारांनीच रोखून धरली, कारण त्यांच्या भागात खाजगी शाळाच नाही, आहे ती सरकारी शाळा पोरं कमी म्हणून शेजारच्या गावात विलीन व्हायच्या बेतात. इथं हायकमांड तिकीट कापू शकत नाही, तिकीट प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीत, मतदार देतात. तर बाईंनी प्रायमरीत त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्यांना उघड पाठिंबा दिला, शिक्षण समितीचा अध्यक्षसुद्धा पडला, आणि २०२३ च्या जानेवारीत योजना मंजूर. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बाई हुशार आहे."

मी स्वतः एकदा असा आमदार जवळून बघितला. अधिवेशन चालू असलं की हे लोक शनिवारी मतदारसंघात येऊन बसतात. लायब्ररीचा हॉल, तीसेक माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची, कॉफीचं मोठं भांडं आणि कागदी कप. आमदार बियाण्याच्या कंपनीची टोपी घालून, बुटाला चिखल, आणि घसा बसलेला. एक रिटायर्ड मास्तरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, तू माझ्या वर्गात होतास, आता सांग शाळेच्या बसला पैसे कुठून आणू. त्यानं वहीत लिहून घेतलं. उत्तर काही दिलं नाही, तेवढं आपल्यासारखंच.

संपल्यावर तो खुर्च्या उचलून भिंतीला लावत होता, मी पण हात लावला. कुठला, काय करतोस, घरी शेती आहे का? म्हटलं मामांचा ऊस आहे. लगेच, एकरी किती टन? मला काय माहीत! तिथूनच फोन लावला, तिकडं रात्रीचे दहा वाजलेले. मामा झोपेतून उठले, प्रश्न ऐकला, आणि म्हणाले, "कोण विचारतंय, आमदार? ऐंशी सांग."

गेल्या साली एकरी ४२ निघाला होता. मी ऐंशी सांगितला. आणि हो मामा, गाडी जुनी पिकअप होती, मागच्या हौद्यात खताची रिकामी पोती.