टॅगवरचे अक्षर

फोंड्यातले आमचे लाँड्रीचे दुकान वडिलांनी सुरू केले आणि ते गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, मी ते चालवतो. तुळशीचे लग्न जवळ आले की पावसाळाभर कपाटात कोंडून राहिलेले रेशीम एकदम आमच्याकडे येते. बुरशीचे ठिपके, काळवंडलेली जर आणि कुबट वास यांचे आम्हाला काही वाटत नाही. पण मागच्या मंगळवारी आलेला शालू माझ्या मनातून जात नाही.

बांदोड्याच्या एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. १९७४ साली स्वतःच्या लग्नात नेसलेला बनारसी शालू आता नातीला तिच्या लग्नात नेसायचा होता. १९९६ मध्ये धाकट्या दिराच्या लग्नात तो दुसऱ्यांदा नेसून झाल्यावर पॉलिश करून आणला आणि तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीतून एकदाही बाहेर काढला नाही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले.

जुने रेशीम मी कधीही हवेत झटकून उघडत नाही. टेबलावर पांढरी चादर अंथरून एकेक घडी दोन्ही तळहातांवर घेत उलगडतो आणि मग कापडाच्या मागून दिवा धरतो. दिव्यासमोर शालूच्या प्रत्येक घडीवर उजेडाची बारीक रेघ दिसली. तिथले उभे धागे तुटले होते आणि नुसते आडवे धागे लोंबत होते. पदरावर तेलकट डाग होता. पिशवीत कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र टाकल्या होत्या. हे दोन पदार्थ एकमेकांना लागले की आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाघळतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जरीत चांदी असल्यामुळे ती काळी पडली होती, पण त्याचे मला दुःख नव्हते. दुःख घड्यांचे होते. रोल पॉलिश करताना कापडाला खळ देतात, त्याने जुने रेशीम नव्यासारखे कडक दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण असे कडक झालेले कापड वर्षानुवर्षे त्याच घडीवर राहिले तर तिथेच मोडते, शिवाय खळीवर कसर येते ती वेगळीच. आमच्या धंद्यातले बहुतेक जण अजूनही समोर येईल त्या साडीला पॉलिश मारतात आणि वर प्लास्टिक चढवून देतात. गोव्याच्या दमट हवेत त्या प्लास्टिकच्या आत ओल अडकते आणि बाहेर पडायला तिला वाट उरत नाही.

आजींनी विचारले, "बाबा, मी एवढा जपला, मग माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "आजी, रेशमाचं वय झालं." शालू नेसता येणार नाही, निऱ्यांचा आणि कासोट्याचा ताण त्याला सोसणार नाही, हेही सांगितले. नात काहीच बोलली नाही. पदर आणि काठ वाचवून देण्याचे मी कबूल केले.

त्या गेल्यावर पदराचे टोक उलटले तेव्हा आतल्या बाजूला स्टेपल केलेला कापडी टॅग सापडला. पिनेचा गंज रेशमात उतरून दोन भोके पडली होती. टॅगवर शाईने नंबर घातला होता आणि ते अक्षर माझ्या वडिलांचे होते. ती खळ आमच्या दुकानातली होती आणि ती प्लास्टिकची पिशवीही आम्हीच दिली होती. आजींनी फक्त विश्वासाने ती तशीच ठेवली होती.

वडील कामात चोख होते. त्या काळी प्लास्टिक म्हणजे उत्तम राखण असे सगळ्यांनाच वाटत असे, आणि कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवला की त्याच्या उबेने ओल धरत नसे. आता त्या जागी एलईडी आले आणि ती ऊबही गेली. हे सगळे खरे असले तरी मी आजींना दिलेले उत्तर अर्धेच होते, हे मला टोचत राहिले आहे.

गंजावर ऑक्झॅलिक ॲसिड चालते, पण एवढ्या जीर्ण रेशमावर आणि जरीशेजारी ते लावण्याचे धाडस मी केले नाही. गंजाचे डाग तसेच ठेवले. पदराला मागून मऊ मलमल लावून बारीक टाके घातले आणि काठ वेगळे काढले, म्हणजे ते नातीच्या नव्या साडीला जोडता येतील. घडी न घालता सगळे कापडी नळकांड्यावर गुंडाळले आणि वरून धुतलेली मलमल बांधली. दर दसऱ्यानंतर सावलीत उघडून हवा द्यायची, हे मी आजींना समोर बसवून सांगणार आहे.

सोमवारी त्या न्यायला येतील. टॅग मी फेकलेला नाही. तो कागदाच्या पाकिटात घालून मलमलीच्या गाठीला बांधला आहे.